जुन्या सायकलीची खरेदी आणि इंटरनेटवरील फसव्या जाहिराती

सायकल हे आजही श्रमिकांचे, विद्यार्थ्यांचे व छोट्या व्यावसायिकांचे विश्वासू वाहन आहे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून गरजू विद्यार्थिनींना सायकली देण्यात आल्या, त्यामागे शाळा दूर आहे म्हणून मुलीचे शिक्षण थांबू नये, हाच हेतू होता. ज्या कुटुंबास नवी सायकल परवडत नाही, ते साहजिकच जुन्या सायकलीचा शोध घेते. पूर्वी हा व्यवहार गावातील सायकल दुकानात किंवा आठवडी बाजारात समोरासमोर होत असे. आता तो मोबाइलवरील जाहिरातींतून होऊ लागला आहे. त्यामुळे निवड वाढली, हे खरे. परंतु विकणारा अदृश्य झाला. मजुरीतून शिल्लक टाकलेले दोन-तीन हजार रुपये अशा व्यवहारात गेले, तर ती हानी त्या घराला सहज भरून काढता येत नाही. म्हणून संशयास्पद जाहिरात कशी ओळखावी, हे प्रत्येकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

जाहिरातीची पारख

पहिली खूण किमतीची. समजा, एखादी गिअरची सायकल दुकानात नवी वीस हजार रुपयांना मिळते आणि तीच ‘जवळजवळ नवी’ म्हणून चार हजारांना देऊ केली आहे. अशा वेळी आनंद होण्याआधी प्रश्न पडला पाहिजे. दुसरी खूण छायाचित्रांची. कंपनीच्या माहितीपत्रकातील चकचकीत चित्र, किंवा निरनिराळ्या पार्श्वभूमीवर काढलेली भिन्न चित्रे दिसल्यास सावध व्हावे. चित्रावरून शोध घेण्याची सोय मोबाइलमध्ये उपलब्ध आहे. तेच चित्र दुसऱ्या शहरातील जाहिरातीत आढळल्यास शंका बळावते. तिसरी खूण वर्णनाची. खरा मालक चाकाचा आकार, ब्रेकची स्थिती, खरेदीचे वर्ष सांगू शकतो. बनावट विक्रेता मात्र मोघम स्तुती करतो.

केवळ एका खुणेवरून कोणासही दोषी ठरवू नये. बदली झालेला प्रामाणिक मनुष्यही सायकल स्वस्तात विकतो. परंतु अनेक खुणा एकत्र आढळल्यास व्यवहार थांबवणे शहाणपणाचे होय.

पैशांची घाई

फसवणुकीचा खरा प्रयत्न संभाषणात सुरू होतो. आपण सैन्यात आहोत, बदली झाली आहे, सायकल वाहतूक कंपनीमार्फत पाठवतो, असे सांगून ओळखपत्राचे चित्र पाठविले जाते. गणवेशाविषयी जनतेच्या मनात असलेल्या आदराचा हा दुरुपयोग आहे. मग आगाऊ रक्कम, वाहतूक खर्च, परत मिळणारी अनामत अशा मागण्या क्रमाने येतात. ‘दुसरे गिऱ्हाईक तयार आहे’ असे म्हणून घाई केली जाते. यावर उपाय साधा आहे: सायकल प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय व चालवून घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. भेट दिवसा, वर्दळीच्या ठिकाणी ठरवावी व सोबत जाणकारास न्यावे.

सायकल विकणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. यूपीआयद्वारे पैसे स्वीकारण्यासाठी गुप्त पिन टाकावा लागत नाही. ‘पैसे पाठवितो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका’ असे कोणी म्हटल्यास तो पैसे काढून घेण्याचाच प्रयत्न समजावा.

चोरीची सायकल

एकेकाळी नगरपालिका व ग्रामपंचायती सायकलींवर कर आकारून धातूचा बिल्ला देत असत. मोटारसायकलीप्रमाणे नोंदणी पुस्तक मात्र सायकलीला नसते. तथापि बहुतेक सायकलींच्या चौकटीवर क्रमांक ठोकलेला असतो. पायडल ज्या आडव्या नळीला जोडलेले असतात, तिच्या खालच्या बाजूस तो बहुधा सापडतो. तो मूळ पावतीवरील क्रमांकाशी पडताळून पाहावा. क्रमांक घासलेला किंवा रंगाने झाकलेला असेल तर खरेदी टाळावी. पावती हरवली असल्यास विक्रेत्याचे नाव, पत्ता, चौकटीचा क्रमांक, रक्कम व दिनांक लिहून स्वाक्षरी घ्यावी.

ही दक्षता कायद्याच्या दृष्टीनेही आवश्यक आहे. चोरास मालाची मालकी नसते, म्हणून त्याच्याकडून घेणाऱ्यासही ती सामान्यतः मिळत नाही. शिवाय माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, तो अप्रामाणिकपणे स्वीकारणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१७ अन्वये गुन्हा आहे.

फसवणूक झाल्यास

लाजेने गप्प बसू नये. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तत्काळ दूरध्वनी करावा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढे जाण्यापूर्वी रोखली जाण्याची शक्यता अधिक. आपल्या बँकेस कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अथवा पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. जाहिरातीचे चित्र, संभाषण व व्यवहार क्रमांक पुसून टाकू नयेत.

ग्रामसभेत, पालक सभेत व बचत गटाच्या बैठकीत ही माहिती दहा मिनिटांत सांगता येईल. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आपापल्या सायकलीचा चौकट क्रमांक वहीत लिहून घेतला, तर चोरीनंतर ती ओळखणे सुलभ होईल. या कामी खर्च काहीच नाही. त्यातून वाचणारी रक्कम मात्र गरिबाच्या घामाची आहे.