कोळसा खनिज आहे का?

सेकंड इयरला जिऑलॉजीच्या व्हायव्हात मला विचारलं, "कोळसा हे खनिज आहे का?" मी दीपनगरला वाढलेली, कोळशाच्या वाघिणी मोजत शाळेत जाणारी. ठासून "हो सर" म्हणाले. उत्तर चुकलं. कायद्याने मी बरोबर होते म्हणा, कारण १९५७ च्या खाण व खनिज कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत कोळसा आहे. भूशास्त्राने मात्र चूक.

खनिजाला ठराविक रासायनिक रचना लागते आणि आत अणूंची शिस्तीतली मांडणी लागते, म्हणजे स्फटिक. (कॉन्व्हेंटमुळे 'क्रिस्टल'लाच स्फटिक म्हणतात हे मला इथे आल्यावर कळलं. हसू नका.) कोळशात दोन्ही नाही. निसर्गात सापडणाऱ्या, खनिजासारख्या दिसणाऱ्या पण आतून बेशिस्त अशा पदार्थांना मिनरलॉइड म्हणतात. ओपल आणि ऑब्सिडियन त्यातलेच.

ही बेशिस्त बऱ्याचदा घाईतून येते. मेसची बेल झाल्यावर वेळ असेल तर आपण रांग लावतो, नसेल तर जो जिथे आहे तिथेच अडकतो. लाव्हा झटकन थंड झाला की अणूंचं तसंच होतं आणि ऑब्सिडियनसारखी काच बनते. आपल्याजवळचं उदाहरण लोणारचं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर बेसॉल्टवर आदळलेल्या उल्केने झालं. त्या क्षणभराच्या दाबाने फेल्डस्पारची जाळी मोडली आणि मास्केलिनाइट नावाची काच झाली. हा पदार्थ आधी ओळखला गेला तो १८६५ साली बिहारात शेरघाटीला पडलेल्या उल्केत!

आता आमची राख. ती कारखान्यात होते, त्यामुळे मिनरलॉइड नव्हे. पण गोष्ट तीच. भट्टीत कोळशातली माती वितळते, धुराबरोबर उडताना पटकन थंड होते आणि काचेचे बारीक गोल कण बनतात. वाळूतही सिलिका आणि राखेतही सिलिका. पण वाळूतलं क्वार्ट्झ घट्ट रांगेत उभं असतं, ते सिमेंटमध्ये ढिम्म बसतं. राखेतली विस्कळीत सिलिका पाण्यात चुन्याशी संयोग पावते आणि कॉंक्रीटला बळ देते. म्हणून पीपीसी सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख चालते.

हाच गुण खडीत आला की घात होतो. खडीत ओपल असेल तर सिमेंटमधल्या अल्कलीशी त्याचा संयोग होऊन जेल बनतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि काही वर्षांनी कॉंक्रीटला जाळीसारख्या भेगा पडतात. आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत सिलिका भरलेली असते, त्यामुळे खडी तपासूनच घ्यावी लागते. आणि गंमत म्हणजे यावरचा एक उपाय पुन्हा राखच. तिची बारीक सिलिका अल्कली आधीच संपवते, ओपलच्या वाट्याला फारसं काही उरतच नाही.