लेखकाचा संशय आणि रसिकांची दाद

लिहावयास बसलेल्या प्रत्येकाच्या मनात एक संशय उभा राहतो : आपले हे लेखन कोणास रुचेल काय? वर्गात निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यासही तो चुकत नाही. अशा वेळी दाद मिळाली, तर लेखणीस बळ येते. परंतु ती केव्हा मिळेल याचा नेम नसतो. आमच्या हिंडलग्याच्या परिसरातील तीन साहित्यिकांचीच उदाहरणे पाहू.

कोवाडचे रणजित देसाई यांची 'स्वामी' ही कादंबरी १९६२ साली निघाली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक लाभले. बेळगावच्या कवयित्री इंदिरा संत यांचा 'शेला' हा संग्रह १९५१ सालचा. त्यांना हाच सन्मान 'गर्भरेशीम'साठी १९८४ साली, म्हणजे ३३ वर्षांनी मिळाला. मधल्या काळात 'मेंदी', 'मृगजळ', 'रंगबावरी' हे संग्रह त्यांनी दिले. बेळगावात शिकलेले जी. ए. कुलकर्णी यांच्या 'काजळमाया'स १९७३ साली हे पारितोषिक मिळाले. पण पुस्तकाच्या प्रकाशनतारखेवरून वाद निघाला व त्यांनी ते परत केले. पुढे १९७७ साली त्यांचा 'पिंगळावेळ' आला.

एकास सन्मान लवकर लाभला, एकीस उशिरा, एकाने तो परत केला. लेखन मात्र कोणीच थांबविले नाही. म्हणून विद्यार्थिमित्रहो, बक्षीस मिळाल्यास आनंदाने घ्यावे. न मिळाल्यास वही मिटू नये. आणि शेजारच्या सोबत्याचा निबंध आवडला, तर त्यास तसे अवश्य सांगावे. पहिली दाद देण्यास अकादमी लागत नाही.