शनिवारी तीन ते पाच

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका मावशींकडं वाकळ शिवायला शिकतेय, त्याला दीड वर्ष झालं. पुण्याकडं जिला गोधडी म्हणतात, तीच आमची वाकळ. सुरुवात केली तेव्हा मुलगी चार वर्षांची होती आणि मुलगा दहा महिन्यांचा.

१. वेळ मोघम मागू नये. "मला जरासुद्धा वेळ मिळत नाही," असं मी वर्षभर म्हणत होते आणि घरातले सगळे मान डोलवत होते. हे शिरोलीच्या फाउंड्रीत आहेत, शिफ्ट बदलत राहते, त्यामुळं त्यांच्यावर भिस्त ठेवता येईना. शेवटी कॅलेंडरवर प्रत्येक शनिवारी '३ ते ५' लिहून टाकलं आणि सासूबाईंना म्हटलं, "आत्या, एवढे दोन तास मी घरात नसणार." त्या म्हणाल्या, "मग जा की! आधी का सांगितलं न्हाईस?"

२. पोरं जागी असताना घरात सुई काढायची नाही. मी काढली होती. बाळ रांगत होतं आणि एक सुई कमी भरली. फ्रिजवरचं लोहचुंबक फरशीवर फिरवत बसले, रात्री अकराला ती सतरंजीत सापडली. तोवर माझ्या पोटात अन्न गेलं नव्हतं. आता सुया झाकणाच्या स्टीलच्या डब्यात असतात. पाच काढल्या की पाच मोजून आत.

३. वाकळ एकटीनं शिवायची नसतेच. मावशी त्यांच्या आईचं सांगतात. चैत्र-वैशाखात रानातली कामं आटपली की सोप्यात जुनं नऊवारी लुगडं अंथरायचं, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. आत विरलेली धोतरं, पोलकी एकावर एक नीट पसरायची, वरून दुसरं लुगडं, मग सगळं हलू नये म्हणून लांब टाचे. त्यानंतर कडेनं धावदोरा घालत चारी बाजूंनी मध्याकडं सरकायचं. गाठ कापडाच्या थरात दडवायची, अंगाला टोचता कामा नये. चार बाजूंना चार बायका बसत आणि पोरं त्यांच्या आसपासच लोळत. पोरांवर आठ डोळे असत. माझ्या फ्लॅटमध्ये दोनच आहेत. वर्गात आम्ही आळीपाळीनं पोरं घेऊन बाहेरच्या खोलीत बसतो. माझी पाळी आली की त्या दिवशी माझा टाका पडत नाही, पण दुसऱ्या तिघींचा पडतो. हे मला फार मोलाचं वाटतं.

४. पहिलं काम दुपट्याचं घ्यावं. तीन फुटांचं, दोन थरांचं. माझं पाच शनिवारांत झालं आणि बाळ त्यावर झोपलं.

५. "चिंध्या शिवायला क्लास कशाला?" असं एका नातेवाइकांनी विचारलं, तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज सुचेल. निपाणीच्या पुढं कन्नड मुलखात वाकळेलाच कौदी म्हणतात, बंगालात कांथा. अमेरिकेत अलाबामातल्या जीझ बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतातल्या फाटक्या कपड्यांपासून शिवलेल्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या. त्यांनीही त्या थंडीत अंगावर घ्यायलाच शिवल्या होत्या. आपल्याकडं तर नवरात्राआधी घरोघरच्या वाकळा धुवायला निघतात आणि गच्च्या भरून जातात. एवढ्या हातांचं काम नजरेला पडत नाही, याचं मला वाईट वाटतं.

६. शनिवार बुडतात. ताप, पाहुणे, लग्नं, पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी. बुडालेला शनिवार रविवारी भरून काढायला गेले की घरात चिडचिड व्हायची, ते सोडलं. जिथं थांबले तिथं लाल दोऱ्याची खूण करून ठेवते, म्हणजे तीन आठवड्यांनी बसले तरी शोधत बसावं लागत नाही.

दिवाळीनंतर आत्यांनी ट्रंकेतून त्यांचं इरकल काढून दिलं. "लई मऊ झालंय. वरनं हे घाल." तीच वाकळ सध्या हातात आहे. मधला हातभर भाग राहिलाय.