जेसीबीची ताकद कमी का होते? दाब, प्रवाह आणि बिघाड शोधण्याची रीत



आठवीच्या सामान्य विज्ञानात 'बल व दाब' हा पाठ आहे. दाबाची व्याख्या मुलं घडाघडा म्हणतात. पण त्याच दाबावर चालणारं यंत्र शाळेच्या बाहेर रस्ता खणत असतं, तिकडे त्यांचं आणि आपलंही लक्ष जात नाही. विहीर, शेततळं, पाइपलाइनचा चर, तलावातला गाळ, कुठलंही काम घ्या, गावात जेसीबी येतोच. बऱ्याच मुलांचे वडील किंवा काका त्यावर ऑपरेटर असतात. म्हणून आजचा पाठ याच यंत्रावर, आणि तोही त्याच्या बिघाडावर. चालू यंत्रापेक्षा बिघडलेलं यंत्र जास्त शिकवतं.

आधी नावाबद्दल थोडं. जेसीबी हे खरं तर कंपनीचं नाव आहे. ब्रिटनमधल्या जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ मध्ये ती सुरू केली, त्यांच्या नावाची ती आद्याक्षरं. यंत्राचं नाव बॅकहो लोडर. पुढे माती भरायचं मोठं बकेट, मागे खणायचा हात. आपल्याकडे कोणत्याही कंपनीचं यंत्र असो, लोक त्याला जेसीबीच म्हणतात.

तेलाचा प्रवास

टाकीतलं तेल जाळीतून पंपाकडे जातं. इंजिन पंप फिरवतं. पंप ते तेल कंट्रोल व्हॉल्व्हकडे ढकलतो. ऑपरेटरने लिव्हर ओढला की तेल होज पाइपमधून सिलिंडरमध्ये जातं, दट्ट्या सरकतो आणि हात हलतो. काम झालेलं तेल फिल्टरमधून गाळून परत टाकीत येतं.

इथे एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगा. पंप दाब तयार करत नाही, तो फक्त तेल ढकलतो. पुढे अडथळा आला की दाब वाढतो. नळाच्या पाइपाचं तोंड बोटाने अर्धवट दाबलं की आत दाब वाढतो, तसंच. पण दाब वाढतच गेला तर पाइप फुटेल. म्हणून मध्ये रिलीफ व्हॉल्व्ह असतो. तो म्हणजे कुकरची शिट्टी. ठरावीक दाब झाला की तो उघडतो आणि जादा तेल टाकीत सोडून देतो.

दोन गणितं

समजा सिलिंडरचा आतला व्यास १० सेंमी आहे. मग दट्ट्याचं क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंमी. तेलाचा दाब दर चौरस सेंमीला २०० किलो असेल तर बल = २०० × ७८.५ = १५,७०० किलो, म्हणजे साडेपंधरा टनांहून जास्त! दाब १२० वर आला तर बल उरतं ९,४२० किलो. मग मुरूम खणणारा हात खडकाळ जमिनीत अडकून बसतो.

दुसरं गणित वेगाचं. दट्ट्या ८० सेंमी सरकायला ७८.५ × ८० = ६,२८० घन सेंमी, म्हणजे सुमारे ६.३ लीटर तेल लागतं. पंप मिनिटाला ६० लीटर देत असेल तर साधारण ६ सेकंद लागतील. पंप झिजून ४० लीटरच देऊ लागला तर साडेनऊ सेकंद.

यातून पाठातलं मुख्य वाक्य निघतं: दाब म्हणजे ताकद, प्रवाह म्हणजे वेग. 'मशीन कमजोर झालं' अशी तक्रार आली की पहिला प्रश्न हाच. हात हळू चालतो पण जोर आहे, की वेगाने चालतो पण जोर नाही? की दोन्ही गेलं?

बिघाड शोधायचा क्रम

जुन्या यंत्राची ताकद पडली की 'पंप गेला' असं पटकन म्हटलं जातं. पंप हा महागाचा भाग. तो बदलूनही मशीन तसंच राहिलं, तर मालकाचे पैसे जातात आणि हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून नियम असा: आधी डोळ्यांनी दिसणारं आणि स्वस्तातलं तपासायचं, खोलायचं ते शेवटी.

१. प्रश्न विचारा. ताकद एकदम गेली की हळूहळू? सगळीच कामं कमजोर झाली की एकच? सकाळी ठीक असतं आणि तापल्यावर पडतं का? या तीन उत्तरांतच अर्धा शोध होतो.

२. तेल बघा. यंत्र सपाट जागी उभं करून, पुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीत पातळी तपासा. तेल दुधासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय. फेस असेल तर हवा शिरतेय. काळपट आणि जळका वास असेल तर ते फार तापलंय.

३. पंपाचा आवाज ऐका. किरकिर किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर पंपाला पुरेसं तेल मिळत नाही किंवा हवा ओढली जातेय. टाकीतली जाळी गाळाने बुजलेली असते, जुना होज आतून मऊ पडून चिकटतो, नाहीतर क्लिप ढिली असते. या बाजूला दाब कमी असल्याने तेल बाहेर गळेलच असं नाही, हवा मात्र आत शिरते. म्हणून हा दोष लपून राहतो. परतीचा फिल्टरही याच वेळी बघावा.

४. इंजिनकडे लक्ष द्या. ही खूण फार उपयोगाची. बकेट मातीत घालून जोर लावला आणि इंजिन दबून बंद पडायला आलं, तर पंप दाब धरतोय, दम इंजिनात नाही. मग डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बघा. उलट हात अडकला तरी इंजिनाचा आवाज बदललाच नाही, तर पंपावर भारच येत नाही. तेल कुठूनतरी परत पळतंय.

५. गेज लावा. अंदाज इथे संपतो. मेकॅनिक ठरलेल्या जागी दाबमापक लावतो, सिलिंडर टोकापर्यंत नेऊन क्षणभर धरतो आणि आकडा पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून बघतो. दाब कमी असेल तर आधी रिलीफ व्हॉल्व्ह. त्यात कचरा अडकला किंवा स्प्रिंग थकली तर शिट्टी आधीच उडते, मग डाळ शिजणार कशी? तो ठीक असूनही दाब चढत नसेल, तर मग पंप. थंड असताना ठीक आणि तापल्यावर पडत असेल, तर झीज झाल्याचा संशय पक्का होतो. गार काकवी फटीतून जात नाही, गरम केली की झिरपते. तापून पातळ झालेलं तेल झिजलेल्या पंपात असंच मागे सरकतं.

६. एकच काम कमजोर असेल तर पंपाला दोष देऊ नका, तो बाकीची कामं करतोय ना! सिलिंडरचं आतलं सील, त्या कामाचा व्हॉल्व्ह आणि त्याचा स्वतंत्र रिलीफ बघायचा. उचललेला हात लिव्हर सोडल्यावर आपोआप खाली येत असेल तर सील किंवा व्हॉल्व्हमधून तेल पास होतंय. सिलिंडर वेगळा तपासला की दोघांपैकी कोण ते कळतं.

एक सक्त मनाई. ताकद वाढावी म्हणून गेज न लावता रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळू नये. शिट्टीवर वजन ठेवल्यासारखंच ते. होज फुटतो, जीवही जाऊ शकतो.

जिवाची काळजी

घरी कोणी ऑपरेटर असेल तर हा भाग त्यांना वाचून दाखवा. गळती हाताने चाचपू नये. सुईएवढ्या छिद्रातून येणारी तेलाची धार कातडी भेदून आत जाते. वरून टोचल्यासारखं दिसतं, दुखतही कमी, पण आतलं मांस सडत जातं आणि हात गमवावा लागू शकतो. ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जावं आणि 'दाबाचं तेल आत गेलंय' असं स्पष्ट सांगावं. गळती शोधायला पुठ्ठा धरावा. काहीही खोलण्याआधी बकेट जमिनीवर टेकवावं, इंजिन बंद करावं, लिव्हर हलवून उरलेला दाब सोडावा. उचललेल्या हाताखाली कधीच जाऊ नये.

वर्गात करून बघूया

साहित्य: सुई नसलेल्या दोन सिरिंज (५ आणि २० मिलीलीटर), सलाइनची नळी, रंगीत पाणी.

• दोन्ही नळीने जोडून पाणी भरा. लहान दट्ट्या पूर्ण दाबला तरी मोठा फक्त ५ मिलीलीटरनेच सरकतो. पण दोन मुलांनी दोन्हींवर अंगठे ठेवले तर लहान सिरिंजवाला सहज जिंकतो. बल वाढलं, अंतर कमी झालं.
• आत हवेचा फुगा ठेवून दाबा. आधी हवाच दबते, दट्ट्या उशिरा हलतो. हे झालं फेसाळलेलं तेल.
• नळी थोडी सैल करा. पाणी गळतं आणि जोर जातो. हे झालं गेलेलं सील.
• नळी चिमटीत धरून वाटीतलं पाणी ओढा. सिरिंज भरायला वेळ लागतो. ही झाली बुजलेली जाळी.

आता एका गटाने गुपचूप एक दोष करावा. दुसऱ्या गटाने सिरिंज न उघडता, फक्त लक्षणं बघून तो ओळखावा. प्रत्येक उत्तराला 'कशावरून?' हा प्रश्न विचारायचाच.

या पाठाचा खरा हेतू हाच 'कशावरून' आहे. गणित चुकलं की पूर्ण पान खोडणारं मूल आणि ताकद पडली की थेट पंप बदलणारा माणूस, दोघांची सवय एकच. कोणत्या पायरीपर्यंत बरोबर होतं ते शोधायला मुलं शिकली, तर त्यांचं गणितही सुधारेल आणि उद्या हातात पाना आला तरी उपयोग होईल.

गृहपाठ: थंड असताना एक जेसीबी छान चालतो. दोन तासांनी सगळीच कामं मंदावतात. तेलाची पातळी बरोबर आहे, पंपाचा आवाजही नेहमीसारखा आहे. तुम्ही पुढे काय तपासाल, कोणत्या क्रमाने आणि का?