डोके म्हणजे वखार नव्हे

शाळा सुरू होऊन पंधरवडाही लोटला नव्हता. आठवीच्या वर्गात तास संपता संपता मागच्या बाकावरील एका मुलाने भीत भीत हात वर केला आणि विचारले, "सर, कानडीचे शब्द पाठ केले की मराठीचे विसरतात का?" वर्गात हशा पिकला. आम्हांस मात्र हसू आले नाही, कारण हा प्रश्न त्या एका मुलाचा नव्हता. पालकसभेत कित्येक वडीलधाऱ्यांनी तो निराळ्या शब्दांत आमच्यापुढे मांडलेला आहे: "घरात मराठी, शाळेत वर आणखी कानडी, हिंदी, इंग्रजी, एवढेसे पोर, त्याच्या डोक्यात मावायचे किती?" 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि हा मुलूख मुंबई राज्यातून त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून या भागात भाषा ही केवळ बोलण्याची गोष्ट राहिलेली नाही, तिला मानापमानाचे ओझेही चिकटले आहे. त्या वादाचा निवाडा करणे हा या लेखाचा विषय नव्हे, आणि तो आमचा अधिकारही नव्हे. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देणे हे मात्र आमचे कर्तव्य आहे.

वखार कशी असते हे निपाणीच्या मुलांस सांगावयास नको. तंबाखूचे बोद एकावर एक रचले जातात. वखार छपरापर्यंत भरली की नवा बोद ठेवण्यासाठी जुना बाहेर काढावा लागतो. आपले डोकेही असेच असावे, अशी बहुतेकांची कल्पना असते. ही कल्पना चुकीची आहे. मेंदूत सुमारे 8,600 कोटी मज्जापेशी आहेत आणि ज्ञान हे त्या पेशींत धान्यासारखे साठविलेले नसते. ते त्यांच्यामधील जोडण्यांत असते. उपमाच द्यावयाची तर माळावरील पायवाटेची द्यावी. पहिल्या दिवशी गवतातून चालणे जड जाते. रोज त्याच मार्गाने माणसे गेली की वाट मळते, आणि जाणेयेणे थांबले की तिच्यावर पुन्हा गवत माजते. दोन मज्जापेशी वारंवार एकाच वेळी जागृत झाल्या की त्यांच्यामधील जोडणी बळकट होते, हा विचार कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी 1949 साली मांडला. पुढील संशोधनाने त्यास भक्कम आधार मिळाला. एक वाट मळली म्हणून दुसरी बुजत नाही. बुजते ती न चालल्यामुळे. सबब कानडी शिकल्याने मराठी जात नाही. मराठी वाचावयाचे सोडल्याने मात्र ती खचितच जाईल.

प्रौढ माणसाचा मेंदू एकदा घडला की पुढे बदलत नाही, असे शास्त्रज्ञही दीर्घकाळ मानीत असत. या समजुतीस धक्का देणारे एक मनोरंजक उदाहरण लंडन शहरातील टॅक्सीवाल्यांचे आहे. तेथे परवाना मिळविण्यासाठी सुमारे 25,000 रस्ते तोंडपाठ असावे लागतात. तयारीस तीनचार वर्षे लागतात आणि पुष्कळ उमेदवार नापास होतात. मेंदूत समुद्री घोड्याच्या आकाराचा, हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग आहे. वाटा लक्षात ठेवणे आणि नव्या आठवणी घडविणे ही त्याची कामे. या टॅक्सीवाल्यांत त्याचा मागील भाग इतरांहून मोठा असल्याचे 2000 साली एलिनॉर मॅग्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. यावर कोणी म्हणेल, ज्यांचा तो भाग जन्मतःच मोठा तेच टॅक्सीवाले होत असतील! म्हणून उमेदवारांची तयारीपूर्वी आणि तयारीनंतर पुन्हा तपासणी करण्यात आली. 2011 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जे उत्तीर्ण झाले त्यांच्यातच वाढ आढळली. म्हणजे अभ्यासाने मेंदूची घडण बदलली, आणि तीही मिशा फुटलेल्या माणसांची!

आता लंडन सोडून आपल्या आठवडी बाजारात येऊ. आमची मातृभाषा कोंकणी. निपाणीस नव्याने आलो तेव्हा बाजारात एका वृद्ध भाजीवालीने आम्हांस मेथीची जुडी पुढे करून "घेता का?" असे विचारले. आमच्या तोंडून सवयीने "नाका" असे निघाले. कोंकणीत 'नाका' म्हणजे 'नको'. बाईंनी हात लांब करून सांगितले, "नाक्याला व्हय? हितनं सरळ जावा." आम्ही ओशाळलो. परंतु तेथेच उभे राहून जे पाहिले ते आजही विसरलो नाही. बाई एका गिऱ्हाइकाशी मराठीत घासाघीस करीत होत्या, तेवढ्यात चिकोडीकडील एका शेतकऱ्याने "एष्टु?" म्हणून भाव विचारला, त्यास कानडीत उत्तर गेले, आणि तिसऱ्याशी दखनी वळणाच्या हिंदीत बोलता बोलता त्यांनी सुट्ट्या पैशांचा हिशेबही तोंडी पुरा केला. बाई शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या.

अशा माणसांविषयी हैदराबाद येथे एक महत्त्वाचे संशोधन झाले आहे. निपाणीप्रमाणेच त्या शहरात तेलुगू, उर्दू, हिंदी अशा भाषा एकाच गल्लीत नांदतात. तेथील निजाम्स इन्स्टिट्यूट या रुग्णालयात डॉ. सुवर्णा अल्लादी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या 648 रुग्णांची माहिती तपासली. ती 2013 साली प्रसिद्ध झाली. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा विकार सरासरीने सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झाला होता. विशेष हे की निरक्षरांतही हा फरक दिसला. म्हणजे तो केवळ शाळाशिक्षणाचा परिणाम म्हणता येत नाही. दोन भाषा जाणणारा मनुष्य बोलताना प्रत्येक क्षणी एक भाषा पुढे करतो आणि दुसरीस मागे रोखतो. ही निवड करण्याचा व्यायाम मेंदूस दिवसभर घडत राहतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. मात्र दोनाहून अधिक भाषांमुळे वाढीव लाभ झाल्याचे त्यात आढळले नाही. चार भाषांचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे ध्यानात घ्यावे!

येथे शिक्षकाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अशा फायद्याविषयी सर्व संशोधक एकमताचे नाहीत. निरोगी माणसांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या काही पाहण्यांत द्विभाषिकांना स्मृतिभ्रंश कमी होतो असे दिसले नाही. शिवाय हुशार माणसेच अधिक भाषा शिकतात, हा आक्षेप आहेच. या आक्षेपास स्कॉटलंडमधून एक उत्तर मिळाले. तेथे 1947 साली अकरा वर्षांच्या मुलांची बुद्धिमापन चाचणी घेतलेली होती. त्यांपैकी 853 जणांची सत्तरीच्या सुमारास पुन्हा परीक्षा झाली. बालपणीच्या गुणांवरून जेवढी अपेक्षा करावी, त्याहून दुसरी भाषा शिकलेल्यांची कामगिरी सरस ठरली, मोठेपणी शिकलेल्यांचीही. म्हणून मुलांचा कानडीचा धडा घरातील आजीने शेजारी बसून ऐकला तरी तो वाया जाणार नाही.

भाषेप्रमाणे चालणेही उपयोगी आहे. अमेरिकेत 55 ते 80 वर्षे वयाच्या 120 जणांवर एक प्रयोग झाला, त्याचे फलित 2011 साली छापून आले. आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटे भरभर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस वर्षभरात सुमारे 2 टक्क्यांनी वाढला; नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा किंचित घटला. झोपेचे म्हणाल तर दिवसा मळू लागलेल्या वाटा रात्री पक्क्या होतात. तुमच्या वयास आठ ते दहा तास झोप हवी. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारा, आणि त्याहून वाईट म्हणजे उशाशी मोबाईल घेऊन जागणारा विद्यार्थी, दिवसाची कमाई रात्री उधळतो.

तंबाखूविषयी लिहिताना लेखणी अडखळते, कारण या गावातील कित्येक चुली त्याच पिकावर पेटल्या आहेत. वह्यापुस्तके विड्या वळून आलेल्या पैशांतून घेतली जातात. त्या कष्टांस आमचा नमस्कार आहे. परंतु जे पिकवावे ते तोंडात धरलेच पाहिजे असे नाही. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के, पण शरीराची सुमारे 20 टक्के ऊर्जा तो एकटा खर्चतो. ती त्यास रक्तवाहिन्यांतून मिळते, आणि त्याच वाहिन्यांचे धूम्रपानाने नुकसान होते. मिस्रीतूनही निकोटीन रक्तात जाते. मेंदूची घडण विशी ओलांडल्यावरही काही वर्षे चालू असते. त्या वयात लागलेली निकोटीनची सवय सुटणे फार कठीण. वाट तीही मळतेच.

आता पुन्हा त्या मुलाकडे वळू. पुढे चौकशी करता कळले, की कानडी वाचताना एकदा त्याची चूक झाली होती, मुले हसली होती आणि तेव्हापासून तो त्या तासाला तोंडच उघडीत नव्हता. विस्मृतीची भीती वरवरची होती. खरी भीती हसे होण्याची होती. दीर्घकाळ भयात किंवा चिंतेत राहिलेले मन नवे काही नीट ग्रहण करू शकत नाही; सततच्या ताणाचा परिणाम त्याच हिप्पोकॅम्पसवर होतो. म्हणून आम्ही वर्गास आमची 'नाक्या'ची फजिती सविस्तर ऐकविली. पोटभर हसून झाल्यावर अण्णा, अक्का आणि पानाच्या तबकातील अडकित्ता हे शब्द मराठीत कानडीतूनच आले, हेही सांगितले. त्या दिवशी त्याने चार ओळी मोठ्याने वाचल्या. दोन चुका झाल्या. कोणी हसले नाही. ज्यांचे मन अशा बोलण्यानेही हलके होत नाही, त्यांनी आईवडिलांस किंवा शिक्षकांस सांगावे. केंद्र सरकारने 2022 साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांकही त्यासाठीच आहे.

त्या भाजीवाल्या बाई अजून बाजारात बसतात. आम्ही दिसलो की जुडी उचलून मोठ्या ऐटीत विचारतात, "जाय काय नाका?" कोंकणीचा उच्चार अद्याप पुरता साधलेला नाही; आमची कानडीही तशीच आहे.