तंत्रविद्यापीठांतील संशोधनपदे आणि ग्रामीण पदवीधर

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या गावात विज्ञान शाखेचा पदवीधर घरी परतला की त्याच्यापुढे शिक्षकभरती, पोलीसभरती आणि स्पर्धा परीक्षा एवढेच मार्ग मांडले जातात. पुढील शिक्षण म्हणजे केवळ खर्च, असा समज घरोघरी आहे. भौतिकशास्त्र व अभियांत्रिकी या विषयांत संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यास दरमहा अधिछात्रवृत्ती मिळू शकते, ही माहिती बहुधा तेथवर पोहोचतच नाही.

याच जिल्ह्यातील लोणारचे विवर अशनीच्या आघाताने बेसॉल्ट खडकात निर्माण झाल्याचे पुरावे १९७३ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. ज्या विवराच्या अभ्यासासाठी दूरदूरचे संशोधक येतात, त्याच्याच परिसरातील मुलांना संशोधन हा व्यवसाय अपरिचित राहावा, ही विसंगती दूर होणे अगत्याचे आहे.

संशोधनपदे मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार पीएच.डी.साठी प्रवेश घेणाऱ्या अधिछात्रांचा. भौतिकशास्त्रासाठी सामान्यतः एम.एस्सी. पदवी आणि ‘नेट’ किंवा ‘गेट’ परीक्षेतील यश लागते. अभियांत्रिकीत एम.टेक. झालेल्यांना, तर काही संस्थांत ‘गेट’मध्ये उत्तम गुण मिळविलेल्या बी.टेक. पदवीधरांनाही संधी असते. दुसरा प्रकार प्राध्यापकांच्या अनुदानित प्रकल्पांतील पदांचा. ही पदे प्रकल्पाच्या मुदतीपुरतीच असतात; ती कायम नोकरी नव्हे, हे उमेदवाराने व पालकांनी आधीच ध्यानात घ्यावे. मात्र त्यातून मिळणारा प्रयोगशाळेचा अनुभव पुढील प्रवेशासाठी मोलाचा ठरतो.

केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे वरिष्ठ अधिछात्रास ४२,००० रुपये असे दर लागू केले. नियमानुसार घरभाडे भत्ता वेगळा असतो. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थाही आपापल्या लक्ष्यगटातील पीएच.डी. विद्यार्थ्यांसाठी अधिछात्रवृत्तीच्या योजना राबवितात.

पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था, नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था आणि लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ यांच्या जाहिराती त्यांच्या संकेतस्थळांवर पाहाव्यात. जाहिरातीतील शैक्षणिक पात्रता, वयोमर्यादा आणि पदाचा कालावधी या तीन बाबी अर्जापूर्वी काळजीपूर्वक वाचाव्यात.

अर्जाची मुदत अनेकदा थोड्या दिवसांची असते. अशा वेळी गुणवत्ता असूनही जात वैधता अथवा नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राअभावी आरक्षणाचा लाभ हातचा जाऊ शकतो. म्हणून शिक्षकांनी पदवीच्या पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांना या परीक्षांची ओळख करून द्यावी. ग्रामपंचायतींनी अशा जाहिराती सूचनाफलकावर लावाव्यात आणि महसूल यंत्रणेने दाखले वेळेत द्यावेत. गावातील एक विद्यार्थी प्रयोगशाळेपर्यंत पोहोचला, तर मागून येणाऱ्यांना ती वाट अनोळखी राहणार नाही.