रंगभूषेचे ब्रश आणि चेन्नईचे पाणी

डिसेंबरच्या मध्यास मार्गळि हा तमिळ महिना लागतो आणि त्याबरोबर चेन्नईतील संगीत-नृत्याचा हंगाम ऐन भरात येतो. १९२८ साली स्थापन झालेल्या म्युझिक अकादमीपासून मंदिरांच्या लहान सभागृहांपर्यंत जागोजाग भरतनाट्यमचे कार्यक्रम होतात. नावाजलेल्या नर्तकींबरोबर त्यांत शाळकरी मुलीही असतात. या नृत्यात डोळ्यांचे काम मोठे. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकालाही दृष्टीची हालचाल कळावी म्हणून पापण्यांच्या कडेने काळी रेघ काढून ती कानशिलाकडे ओढतात. समूहनृत्य असले की दहाबारा मुली रंगपटात ओळीने बसतात आणि रंगभूषाकार एकच ब्रश घेऊन एकीमागून एकीचे डोळे रेखीत जातो. तो ब्रश यापूर्वी केव्हा धुतला होता, हे सहसा कोणी विचारीत नाही. (मराठीत ‘कुंचला’ हा शब्द चित्रकाराला वाहिलेला आहे, रंगपटात ‘ब्रश’ असेच म्हणतात, म्हणून येथेही तोच ठेवला आहे.)

एका रंगात अनेक चेहरे रंगविण्याची रीत या शहराला जुनी आहे. एस. एस. वासन यांच्या जेमिनी स्टुडिओत नोकरी केलेले तमिळ लेखक अशोकमित्रन (१९३१–२०१७) यांनी तेथील रंगभूषा विभागाचे मिस्कील वर्णन केले आहे. मुख्य नटनट्यांचे चेहरे विभागप्रमुख स्वतः रंगवी आणि हे प्रमुखपद काही काळ एका महाराष्ट्रीय गृहस्थाकडे होते. गर्दीच्या प्रसंगातील माणसे मात्र सर्वांत खालच्या सहायकाच्या वाट्याला येत. तो मोठ्या भांड्यात रंग कालवी आणि येईल त्याच्या तोंडाला फाशी. आज घरोघरी रंगभूषेची पेटी आली आहे. पण ब्रश बहिणीबहिणींत, मैत्रिणींत फिरतोच.

वापरलेल्या ब्रशात केवळ रंग उरत नाही. त्वचेतील तेल, मृत त्वचेचे सूक्ष्म कण, घाम आणि त्यांवर पोसणारे जीवाणू केसांच्या मुळाशी साठत जातात. त्वचेवर पुळ्या व फोड आणणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणूही अशा ठिकाणी राहू शकतो. सबब नेहमी वापरातले ब्रश सात ते दहा दिवसांनी धुवावेत, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. कोरडी पूड लावण्याच्या ब्रशापेक्षा तेलकट रंग लावण्याचा ब्रश अधिक लवकर खराब होतो.

धुण्याची कृती साधी आहे. ब्रशाचे फक्त टोक कोमट पाण्यात भिजवावे, तळहातावर सौम्य शाम्पूचे दोनचार थेंब घ्यावेत आणि त्यावर केस हलकेच गोल फिरवावेत. फेस पांढरा येईपर्यंत खळबळावे. केस दांड्याला जेथे धातूच्या नळीने जोडलेले असतात तेथे पाणी शिरू देऊ नये. आतला गोंद सुटतो आणि केस गळू लागतात. कढत पाण्यानेही तेच होते.

चेन्नईत मात्र पाण्याचा विचार वेगळा करावा लागतो. अनेक घरांत विंधनविहिरीचे पाणी वापरले जाते आणि ते बहुधा दुष्फेन, समुद्रालगतच्या वस्त्यांत तर मचूळही असते. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरविणारे पुंडी, चोळवरम, रेड हिल्स व चेंबरमबाक्कम हे चारही तलाव जवळजवळ कोरडे पडले, तेव्हा टँकर आणि विंधनविहीर यांवाचून गत्यंतर उरले नव्हते. दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार साबणाशी संयोग पावले की न विरघळणारा साका तयार होतो. तो केसांवर बसतो. ब्रश धुऊनही राठ व चिकट लागतो, आणि पुढल्या वेळी रंग अधिकच धरून ठेवतो. अशा पाण्यात वडी साबणापेक्षा शाम्पू बरा, कारण त्यातील द्रव्ये असा साका होऊ देत नाहीत. शेवटचे खळबळणे पेलाभर पिण्याच्या पाण्यात करावे. छपरावरून साठविलेले पावसाचे स्वच्छ पाणी असेल तर उत्तमच, ते मुळात सुफेन असते.

खरी अडचण वाळविण्याची आहे. महाराष्ट्रात दिवाळीपर्यंत पाऊस बहुधा ओसरलेला असतो. चेन्नईचा अर्ध्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. म्हणजे हंगामाच्या तालमी ज्या दिवसांत चालतात, त्याच दिवसांत हवा ओलीचिंब असते. अशा वेळी धुऊन लगेच पेटीत बंद केलेला दमट ब्रश न धुतलेल्या ब्रशाहून वाईट, कारण ओल आणि ऊब मिळाली की जीवाणू व बुरशी दोन्ही वाढतात. ब्रश पेल्यात उभे करून ठेवण्याची सवय मोडावी. पाणी खाली नळीत उतरते. जाड टॉवेलाच्या सुकड्या घडीवर ब्रश दांडा वर व केस उतरत्या बाजूस असे आडवे ठेवावेत आणि पंखा चालू ठेवावा. पावसाळी दिवसांत रात्रभर पुरत नाही, दुसरा दिवसही जाऊ द्यावा. म्हणून सगळे ब्रश एकदम न धुता निम्मे निम्मे धुणे सोयीचे पडते. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री धुण्यात तर शहाणपण नाही.

इतके केल्यावरही धुतलेला ब्रश निर्जंतुक होत नाही, हे लक्षात ठेवावे. डोळे येण्याच्या साथीला तमिळनाडूत ‘मद्रास आय’ म्हणतात. २०२२ च्या नोव्हेंबरात तिने राज्यात बराच जोर धरला होता. अशा साथींमागे पुष्कळदा अ‍ॅडिनोव्हायरस असतो. तो कोरड्या वस्तूंवरही कित्येक दिवस तग धरतो, आणि साबणाने किंवा स्पिरिटने तो खात्रीने नाहीसा होईलच असे नाही. गालाचा ब्रश दोघींनी धुऊन वापरला तर एक वेळ चालेल, डोळ्यांचा नाही. समूहनृत्यातील प्रत्येक मुलीने रेघ काढण्याचा ब्रश व काजळ आपापले आणावे, आणि रंगभूषाकाराने त्यानेच तिचे डोळे रेखावेत. यात त्याचा अपमान नाही. डोळे आलेले असताना वापरलेला ब्रश धुऊन जपून ठेवू नये; तो टाकून द्यावा, आणि त्याबरोबर काजळाची डबीही.